उघड्या दारांचे देश

यंदा नववीच्या वर्गात भूगोलाच्या तासाला जगाचा नकाशा फळ्यावर टांगला असता एका विद्यार्थ्याने आम्हांस प्रश्न केला, "सर, व्हिसा न काढता कोणकोणत्या देशांत जाता येते?" प्रश्न साधा होता. आम्हीही साधेच उत्तर दिले. चार देशांची नावे सांगितली आणि धडा पुढे चालू केला. मधल्या सुटीत तोच विद्यार्थी पुन्हा आमच्याकडे आला. त्याच्या थोरल्या भावास कोणा दलालाने सांगितले होते की, अमुक देशास व्हिसा लागत नाही, तू फक्त तिकीट काढ, तेथे उतरलास की नोकरी तयार आहे. भाऊ पैशांची जमवाजमव करू लागला होता आणि घरात आईचे दागिने मोडण्याची भाषा चालली होती.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की, वर्गात दिलेले आमचे उत्तर नुसते अपुरे होते असे नव्हे, तर ते तेवढेच कोणी मनात धरले असते तर घातकही ठरले असते. त्या प्रश्नाचे पुरे उत्तर द्यावे, ते विद्यार्थ्यांप्रमाणे त्यांच्या घरच्या मंडळींनीही वाचावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

दोन कागद, दोन सरकारे

प्रथम दोन शब्दांचा उलगडा करू. पारपत्र, ज्यास आपण बोलताना पासपोर्ट म्हणतो, ते आपले सरकार आपणांस देते. 'हा मनुष्य आमचा नागरिक आहे, त्यास निर्वेध जाऊ द्यावे व गरज पडल्यास साहाय्य करावे,' अशी ती एका राष्ट्राने इतर राष्ट्रांस केलेली विनंती असते. व्हिसा मात्र परके सरकार देते. हा शब्द मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ 'पाहिलेले' असा आहे. कागद पाहिला, तपासला, आता येण्यास हरकत नाही, असा तो शेरा. पारपत्र हे आपल्या घरच्या वडीलधाऱ्या माणसाने दिलेले पत्र मानले, तर व्हिसा हा यजमानाचा होकार होय.

ही व्यवस्था वाटते तितकी प्राचीन नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपातील बऱ्याच देशांत प्रवासी पारपत्रावाचून हिंडत असत. युद्धात हेरांच्या भीतीने सीमांवरील दारे लागली आणि शांतता झाल्यावरही ती पूर्वीसारखी उघडली नाहीत. १९२० साली राष्ट्रसंघाने पॅरिस येथे परिषद भरवून पारपत्र-पुस्तिकेच्या एकसारख्या नमुन्याची शिफारस केली. आज आपण हाती धरतो ती पुस्तिका त्या नमुन्याचीच वंशज आहे.

आपल्या देशातील गोष्ट अधिक बोधप्रद आहे. स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे पारपत्र देणे वा न देणे हे सरकारच्या मर्जीवर अवलंबून होते. १९६७ च्या एप्रिल महिन्यात सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य हे राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचेच अंग आहे आणि कायद्याच्या आधारावाचून ते कोणाकडून हिरावून घेता येणार नाही. त्यानंतर त्याच वर्षी जून महिन्यात पारपत्रांचा कायदा झाला.

विद्यार्थिमित्रांनो, येथे क्षणभर थांबा. आपल्या देशातून बाहेर पडणे हा आपला हक्क आहे. परंतु दुसऱ्याच्या देशात शिरणे हा आपला हक्क नव्हे. ते त्या देशाचे सौजन्य आहे. या लेखात पुढे जे जे सांगावयाचे आहे ते सारे या एका भेदातून निघते. जेथे निर्बंध थोडे, तेथे सौजन्य मोठे. आणि सौजन्य जितके मोठे, तितकी पाहुण्याची जबाबदारीही मोठी.

सीमेची आठवण

आम्हां गोवेकरांस हे कोणी शिकविण्याची गरज पडू नये. आज पत्रादेवीवरून सावंतवाडीकडे जाताना बसमधील उतारू डोळा उघडूनही पाहत नाही. परंतु १९५४ पासून गोवा आणि भारत यांमधील येण्याजाण्यावर परवान्यांचे निर्बंध आले, आणि १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात पोर्तुगीज शिपायांच्या गोळ्यांनी सत्याग्रही धारातीर्थी पडल्यानंतर ती वाट जवळजवळ बंदच झाली. पेडण्यातील माणसाची बहीण सावंतवाडीस दिलेली, काणकोणातल्या माणसाचा मामा कारवारास. पण मधली चार-सहा कोसांची वाट परदेशाहून दूर झाली. आमच्या आजोबांच्या पिढीने लग्ने-मुंजी चुकविल्या, मृत्यूच्या वार्ता उशिरा ऐकल्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ती दारे कायमची निघाली.

म्हणून 'तेथे व्हिसा लागत नाही' हे वाक्य आमच्या कानांस नुसती सोय म्हणून ऐकू येत नाही. दोन देशांनी एकमेकांवर विश्वास टाकला आहे, असा त्याचा अर्थ होतो.

दारांचे चार प्रकार

भारतीय पारपत्र धारण करणाऱ्याच्या दृष्टीने परदेशांचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार शेजाऱ्यांचा. नेपाळ व भूतान या देशांत भारतीय नागरिकास व्हिसा तर लागत नाहीच, पण पारपत्रही अनिवार्य नाही. मतदार ओळखपत्रही चालते. दुसरा प्रकार मॉरिशससारख्या देशांचा. तेथे पारपत्र हवे, परंतु थोड्या दिवसांच्या सहलीकरिता आधी व्हिसा काढावा लागत नाही. तिसऱ्या प्रकारात उतरल्यावर किंवा निघण्यापूर्वी संगणकाद्वारे सहज अनुमती मिळते. मालदीव कोणत्याही देशाच्या प्रवाशास उतरताच ३० दिवसांची अनुमती विनामूल्य देते. मात्र निघण्यापूर्वी ९६ तासांच्या आत आपली माहिती संगणकावर भरावी लागते. चौथ्या प्रकारात वकिलातीकडे अर्ज, शुल्क, बँकेचे उतारे आणि प्रतीक्षा हे सर्व सोपस्कार येतात. अमेरिका, ब्रिटन आणि शेंगेन करारातील २९ युरोपीय देश हे या चौथ्या प्रकारातले.

या चौथ्या प्रकारातही पाहण्यासारखी एक गोष्ट आहे. लक्झेंबर्गमधील शेंगेन या मोझेल नदीकाठच्या छोट्या गावी १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी करार करून आपसांतील सीमांवरची तपासणी काढून टाकण्याचे ठरविले. त्यांपैकी फ्रान्स आणि जर्मनी यांनी त्याच शतकात परस्परांशी दोन महायुद्धे केली होती. बाहेरच्यास दार कठीण, पण एकदा आत गेल्यास लिस्बनपासून वॉर्सापर्यंत एकच घर! निर्बंध मोजताना हाही हिशेब धरावयास हवा.

आता पहिल्या तीन प्रकारांतील काही देश थोडे जवळून पाहू.

नेपाळ : आमच्याच चुकीची कथा

३१ जुलै १९५० रोजी काठमांडू येथे भारत व नेपाळ यांमध्ये शांतता आणि मैत्रीचा तह झाला. त्याच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांस एकमेकांच्या देशांत राहण्याची, व्यापाराची आणि फिरण्याची मोकळीक दिली. इतके उघडे दार जगात क्वचितच आढळते. परंतु उघड्या दारासही उंबरठा असतो, हे आम्ही स्वानुभवाने शिकलो.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आमच्या मातोश्रींची पशुपतिनाथाच्या दर्शनाची इच्छा पुरी करावी असे ठरले. मातोश्रींचे वय ६८. सोबत आमचा भाचा, वय वर्षे १६. दिल्लीहून काठमांडूची विमानाची तिकिटे काढली. नेपाळला काय लागते म्हणून आम्ही फारशी चौकशीच केली नाही. विमानतळावर आमचे मतदार ओळखपत्र पाहिले, ठीक. मातोश्रींचे आधारकार्ड पाहिले, तेही ठीक. कारण १५ वर्षांखालील व ६५ वर्षांवरील व्यक्तींस पारपत्राची वा मतदार ओळखपत्राची सक्ती नाही. भाच्यानेही आपले आधारकार्ड पुढे केले. तेथे गाडी अडली.

त्या अधिकाऱ्याने शांतपणे समजावून दिले. १५ ते १८ या वयाच्या मुलास पारपत्र नसेल, तर विहित नमुन्यातील मुख्याध्यापकांचे ओळखप्रमाणपत्र लागते. आम्ही म्हणालो, "पण आम्ही एकाच कुटुंबातले आहोत." त्यावर उत्तर मिळाले की, एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबास सवलत आहे खरी, परंतु त्या नियमात कुटुंब म्हणजे पती, पत्नी, त्यांची अज्ञान मुले आणि आईवडील. मामा त्या यादीत नाही!

मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र! आम्ही स्वतः शाळेत शिकवितो. रोज मुख्याध्यापकांच्या दालनावरून जातो. भाच्याची शाळाही आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. एक कागद आणि एक शिक्का, पण तो दोन हजार किलोमीटर मागे राहिलेला. मातोश्रींनी एवढेच विचारले, "आतां कितें करचें?" त्या प्रश्नाने आम्हांस जितकी लाज वाटली तितकी कोणाच्या रागावण्याने वाटली नसती. दोष त्या अधिकाऱ्याचा नव्हता, विमान कंपनीचाही नव्हता. दोष आमच्या फाजील विश्वासाचा होता.

विमान गेले, तिकिटांचे पैसे बुडाले. मग आम्ही गोरखपूरची आगगाडी पकडली आणि तेथून बसने सोनौलीच्या सीमेवर गेलो. खुष्कीच्या वाटेने भारतीय नागरिक नेपाळात पायी जाऊ शकतो. जवानांनी ओळखपत्रे पाहिली, पिशव्या चाचपल्या, आणि पाच मिनिटांत आम्ही कमानीखालून पलीकडे गेलो. घड्याळे पंधरा मिनिटे पुढे करावी लागली, कारण नेपाळचा वेळ आपल्याहून तेवढा पुढे आहे. जवळच असलेली लुंबिनी पाहिली. भगवान बुद्धांच्या जन्माची साक्ष देणारा सम्राट अशोकाचा शिलास्तंभ पाहून भाच्यास इतिहासाच्या पुस्तकातले पान जिवंत झाल्यासारखे वाटले. काठमांडूस पोहोचल्यावर मातोश्रींस आणखी एक सुखद धक्का बसला. पशुपतिनाथाचे मुख्य पुजारी परंपरेने कर्नाटकातून येतात, हे त्यांस तेथे कळले. "म्हणजे आपल्याच बाजूचे!" असे म्हणून त्या पायऱ्यांवर समाधानाने बसून राहिल्या.

प्रवास सुफळ झाला. परंतु तेव्हापासून आम्ही एक नियम केला आहे. 'काही लागत नाही' असे कोणी म्हटले की, 'कोणाला लागत नाही, कोणत्या वाटेने लागत नाही, आणि किती दिवस लागत नाही?' असे तीन प्रश्न विचारावयाचे.

भूतान : थोडे पाहुणे, नीट पाहुणचार

भूतानची रीत निराळी. भारतीयास व्हिसा नाही. पारपत्र अथवा मतदार ओळखपत्र दाखवून प्रवेशाचा परवाना मिळतो. परंतु सप्टेंबर २०२२ पासून भारतीय प्रवाशासही दर रात्रीमागे १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावे लागते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांस ते निम्मे असून त्याहून लहानांस नाही. इतर बहुतेक देशांच्या प्रवाशांस याहून पुष्कळच अधिक द्यावे लागते.

काहींस वाटेल, हे कसले मैत्रीचे दार? पण भूतानचे म्हणणेही ऐकावे. त्या लहानशा डोंगराळ देशाच्या राज्यघटनेनेच ६० टक्के भूमी सदैव वनाखाली ठेवण्याचे बंधन घातले आहे. पाहुण्यांच्या गर्दीने डोंगर, ओढे आणि मठ यांची नासधूस होऊ नये म्हणून त्यांनी गर्दीपेक्षा मर्यादा पसंत केली. डिसेंबरात आमच्या किनाऱ्यावर उभे राहून रिकाम्या बाटल्या मोजणाऱ्या गोवेकरास हा विचार समजण्यास जड जाऊ नये. चौघांच्या कुटुंबाने सहा रात्रींचा बेत करताना हे शुल्क आधीच हिशेबात धरले, तर मागाहून मन खट्टू होत नाही.

मॉरिशस : जेथे मराठी आपली वाट पाहते

दुसऱ्या प्रकारच्या देशांपैकी मॉरिशसची शिफारस आम्ही मराठी कुटुंबांस विशेष आग्रहाने करतो. भारतीय पारपत्रधारकास सहलीसाठी तेथे आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचे तिकीट, राहण्याची सोय आणि खर्चापुरते पैसे यांचा पुरावा मात्र जवळ हवा. विमानप्रवास महाग आहे, हे खरे. पण तेथे नुसता समुद्र पाहण्यास जाणे नाही. समुद्र आमच्याकडे पुष्कळ आहे.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी भारतातून करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुई बंदरात उतरली. १९२० पर्यंत सुमारे ५ लक्ष भारतीय मजूर त्या बेटावर आले. त्यांत कोकणातून, विशेषतः रत्नागिरीकडून गेलेले मराठी लोकही होते. ज्या दगडी पायऱ्या चढून हे लोक आत गेले, ती जागा आज आप्रवासी घाट या नावाने जपलेली असून २००६ साली तिची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. त्या लोकांपाशी ना पारपत्र होते, ना परतीचे तिकीट. बहुतेकांस आपण कोठे जात आहो याचीही नीट कल्पना नसेल. करारावर अंगठा उठविला आणि उसाच्या शेतांत आयुष्य गेले.

त्यांचे वंशज आज त्या देशाचे मानाचे नागरिक आहेत. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला. तेथे शाळांतून मराठी शिकविली जाते, मराठी मंडळ्या आहेत, आणि गणेशचतुर्थीस तेथे सार्वजनिक सुटी असते. आमच्या चवथीला ज्याच्या घरी माटोळी बांधली जाते, त्या मुलाने हजारो मैलांवर समुद्रात विसर्जनासाठी निघालेली गणेशमूर्ती पाहावी, यापरते देशाटन कोणते? ज्या बेटावर आमचे भाऊबंद नाइलाजाने उतरले, तेथे आज आम्हांस पाहुणे म्हणून सहज उतरता येते. त्या पायऱ्यांवर उभे राहिल्यावर ही गोष्ट विसरू नये.

वाटेतले दार आणि परतीचे दार

देश निवडताना केवळ मुक्कामाचे दार पाहून भागत नाही, हे दोन उदाहरणांनी सांगतो.

उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार्ड नावाचा नॉर्वेचा द्वीपसमूह आहे. ९ फेब्रुवारी १९२० रोजी झालेल्या करारामुळे तेथे जगातील कोणालाही व्हिसा लागत नाही. आश्चर्य म्हणजे त्या करारावर मूळ स्वाक्षरी करणाऱ्यांत तेव्हाच्या परतंत्र भारताचेही नाव आहे, आणि २००८ पासून हिमाद्री नावाचे भारताचे संशोधनकेंद्र तेथे आहे. मग भारतीयाने उठावे आणि जावे? तसे नाही. तेथे जाणारे प्रवासी विमान नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून जाते, आणि तेथे पाय ठेवण्यास शेंगेन व्हिसा लागतो. शिवाय परतताना पुन्हा त्याच वाटेने यावयाचे असल्याने तो दोनदा प्रवेश देणारा हवा. घर उघडे, पण अंगण कुलूपबंद! ज्यापाशी निर्वाहाचे साधन नाही अशा मनुष्यास परत पाठविण्याचा अधिकार तेथील शासकास आहे, तो निराळाच. म्हणून नकाशावर मुक्कामाइतकीच मधल्या विमानतळांवरही खूण करावी.

दुसरे उदाहरण केनियाचे. त्या देशाशी गोवेकरांचे नाते जुने. नैरोबीत आमच्या कित्येक कुटुंबांच्या पिढ्या नांदल्या. जानेवारी २०२४ मध्ये केनियाने व्हिसाची पद्धत बंद करून त्याजागी संगणकावरून घ्यावयाची प्रवास-अनुमती सुरू केली. व्हिसा गेला, पण अर्ज आणि शुल्क राहिले. त्याहून महत्त्वाची अट तिकडची नसून आपल्या घरची आहे. पीतज्वराच्या प्रदेशातून परत येणाऱ्याने ती लस निदान १० दिवस आधी टोचून घेतल्याचे प्रमाणपत्र दाखविले नाही, तर भारतात उतरताच त्यास सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येते. लस एकदा टोचून घेतली की प्रमाणपत्र जन्मभर चालते. म्हणजे जाण्याचे दार सोपे असले तरी परतीच्या दाराची किल्ली आधीच खिशात हवी.

दारे लागतातही

उघडे दार नेहमी उघडेच राहील, असे मात्र कोणी समजू नये. सर्बियाने २०१७ साली भारतीयांस व्हिसा माफ केला; पुष्कळ लोक त्या वाटेने युरोपात चोरट्याने शिरू लागले, आणि १ जानेवारी २०२३ पासून ती सवलत गेली. इराणने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशीच माफी दिली. नोकरीच्या आमिषाने तेथे नेलेल्या भारतीयांस खंडणीसाठी पळविण्याचे प्रकार घडले, आणि २२ नोव्हेंबर २०२५ पासून ती माफी स्थगित झाली. थायलंड आणि मलेशिया यांनी २०२३ च्या अखेरीस भारतीय प्रवाशांस व्हिसामाफी दिली. तिच्या मुदती नंतर वेळोवेळी बदलत गेल्या. म्हणून मागच्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याचे सांगणे हे यंदाचा नियम नव्हे. त्या त्या देशाच्या वकिलातीची आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना हीच खरी.

आता आम्ही त्या विद्यार्थ्याच्या थोरल्या भावाकडे वळतो.

विनाव्हिसा प्रवेश हा पाहुण्याचा प्रवेश असतो. त्यावर हिंडता येते, देवदर्शन करता येते, नातलगांस भेटता येते. नोकरी करता येत नाही. नोकरीस निराळा परवाना लागतो आणि तो निघण्यापूर्वी हाती असावा लागतो. हा भेद लपवूनच दलाल आपले जाळे विणतात. थायलंडात नोकरी आहे म्हणून तरुणांस नेले जाते, तेथून चोरवाटेने म्यानमारच्या सीमेवरील कोंडवाड्यांत पोहोचविले जाते, आणि पारपत्र काढून घेऊन संगणकावरून लोकांस फसविण्याच्या कामास जुंपले जाते. मार्च २०२५ मध्ये आपल्या सरकारने अशा ५४९ भारतीयांस दोन विमानांतून परत आणले. हे बहुतेक शिकलेसवरलेले तरुण होते. त्यांस कोणी फाटकावर अडविले नव्हते. दार उघडे होते, म्हणूनच ते सहज आत गेले.

दाराशी अडविणारा अधिकारी आपणांस तेव्हा वैरी वाटतो. आमच्या भाच्यास अडविले तेव्हा आम्हांसही तसे क्षणभर वाटले होते. पण १६ वर्षांचा मुलगा कोणाबरोबर देश सोडून चालला आहे, याची विचारणा करणारा तो प्रश्न मुळात त्या मुलाच्याच रक्षणासाठी होता. कमी निर्बंधांच्या देशात ही राखण आपली आपणच करावयाची असते.

निवड कशी करावी

आतापर्यंतचे सार थोडक्यात मांडतो. विद्यार्थ्यांनी हे वहीत उतरून घेतले तरी चालेल.

पहिली गोष्ट, हेतू ठरवावा. तीर्थाटन, सहल, शिक्षण आणि नोकरी यांची दारे निरनिराळी आहेत; एकाचा परवाना दुसऱ्यास चालत नाही. दुसरी, पारपत्राची मुदत पाहावी. पुष्कळ देशांस पारपत्र आणखी सहा महिने चालेल असे लागते, आणि अज्ञान मुलांचे पारपत्र मोठ्यांप्रमाणे १० वर्षे न चालता ५ वर्षांतच संपते, याचा पालकांस बहुधा विसर पडतो. तिसरी, कुटुंबातील प्रत्येकाचा नियम त्याच्या वयाप्रमाणे निराळा पाहावा. चौथी, वाटेतल्या प्रत्येक विमानतळाचा नियम पाहावा. पाचवी, परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि पैशांचा पुरावा कागदावर छापून जवळ ठेवावा; दूरध्वनीतील विजेवर विसंबू नये. सहावी, लस आणि परतीच्या अटी पाहाव्यात. आणि सातवी, जेथे जावयाचे तेथील लोकांविषयी निदान एक पुस्तक वाचून जावे. यजमानाचे नावही ठाऊक नसताना त्याच्या घरी जेवावयास बसणे आपल्याकडे शिष्टसंमत नाही.

एवढे पाहून मग यादीतील देश तोलावेत. नुसते 'व्हिसा लागत नाही' म्हणून एखाद्या देशाची निवड करणे म्हणजे दार उघडे दिसले म्हणून वाटेल त्याच्या घरात शिरणे होय. आपणांस ज्यांच्याकडून काही शिकावयाचे आहे, ज्यांच्याशी आपले काही नाते आहे, त्यांचे दार उघडे आहे का हे पाहावे. आपल्या सुदैवाने नेपाळ, भूतान, मॉरिशस यांची दारे तशी उघडी आहेत.

त्या विद्यार्थ्याच्या भावाचे पुढे काय झाले, हे सांगून लेख पुरा करतो. आमच्या सांगण्यावरून त्याने दलालास एकच प्रश्न विचारला: "नोकरीचा परवाना निघण्यापूर्वी माझ्या हाती देणार का?" दलालाने आधी टाळाटाळ केली, मग आवाज चढविला आणि नंतर दूरध्वनी उचलणेच सोडले. दागिने घरातच राहिले. भाऊ आता मडगावास वीजकामाचे शिक्षण घेत असून ते पुरे झाल्यावर रीतसर परवान्याने परदेशी जाण्याचा त्याचा विचार आहे. त्याने जरूर जावे. आमच्या गावातून बोटीवर गेलेल्या, आखातात गेलेल्या कित्येकांनी आपली घरे उभी केली आहेत.

आणि तो धाकटा, ज्याने प्रश्न विचारला होता? परवा त्याने आम्हांस विचारले, "सर, मुख्याध्यापकांचे ते प्रमाणपत्र आपल्या शाळेत मिळते का?" तो आता १५ वर्षांचा झाला आहे आणि सुटीत त्याच्या काकांबरोबर पशुपतिनाथास जाण्याचा बेत आहे.

आम्ही त्यास लगेच कचेरीत घेऊन गेलो.